पोलिश कुलीन घराण्यातील झालेस्की भारतात पोपचे प्रतिनिधी कसे झाले, आणि त्यांना कोणत्या मापाने मोजावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरीचे, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाचे, मूळ संस्थापक आर्चबिशप झालेस्की यांच्यावर आपल्याला दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा आहे. एके ठिकाणी ते ‘पोलंडचे सरदार’ आणि दुसरीकडे ‘लिथुआनियन’ असल्याचे आपल्या वाचनात आले, आणि तिसरीकडे त्यांचा उल्लेख ‘भारतातील कॅथलिकांचे प्रमुख’ असा सापडला. यांतले खरे कोणते, आणि सरतेशेवटी त्यांना भारतीय धर्मगुरूंचे कैवारी म्हणावे की ब्रिटिश छत्राखाली वावरलेले एक युरोपीय साहेब, असे आपण विचारले आहे.

चर्चच्या इतिहासाचे अध्यापन आणि धर्मप्रांतांच्या (म्हणजे एकेका बिशपाच्या अधिकाराखालील प्रदेशांच्या) जुन्या दफ्तरांचे वाचन हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. आधी एवढेच सांगतो की आपल्या प्रश्नातली खरी अडचण राष्ट्रीयत्वाची नाही. ते ज्या पदावर होते त्या पदाला काय करता येत होते आणि काय येत नव्हते, हे नीट ठरवल्याशिवाय या माणसाविषयी काहीच ठामपणे लिहिता येत नाही, आणि मराठीत त्यांच्याविषयी जे तुरळक लेखन माझ्या पाहण्यात आले त्यात नेमका हाच भाग गाळलेला असतो.

तरी राष्ट्रीयत्वाचा मुद्दा आधी हातावेगळा करू. व्वादिस्वाव मिहाऊ झालेस्की यांचा जन्म 26 मे 1852 रोजी व्येलोना येथे झाला. नेमान नदीकाठचे हे गाव आज लिथुआनियात आहे आणि त्याचे आजचे नाव वेलिउओना आहे. पोलंड आणि लिथुआनिया यांचे संयुक्त राज्य 1795 च्या तिसऱ्या फाळणीत नकाशावरून पुसले गेले होते आणि हा भाग रशियन साम्राज्याच्या कोव्हनो प्रांतात मोडत होता. या प्रदेशातील कुलीन घराणी पिढ्यान्‌पिढ्या पोलिश बोलत, कॅथलिक असत आणि स्वतःला त्या जुन्या संयुक्त राज्याचे वारस समजत. त्यामुळे ‘लिथुआनियात जन्मलेले पोलिश कुलीन’ हे वर्णन त्यांच्या काळाला धरून होईल. लिथुआनियन लेखक त्यांना आपले म्हणतात त्यातही गैर काही नाही. गाव त्यांचेच आहे. लेखात एका वाक्यात दोन्ही सांगून पुढे जावे.

‘सरदार’ हा शब्द मात्र बदलावा. पोलिश कुलीनवर्ग संख्येने फार मोठा होता आणि त्यात अफाट जमीनदारीचे मालक होते तसेच एखाददुसऱ्या गावावर गुजराण करणारेही होते. आपल्याकडे देशमुखी किंवा इनामदारीची सनद घरात असली म्हणजे घर श्रीमंत असतेच असे नाही, तसेच ते होते. कुळाचा मान कायम असे, ऐपत घरागणिक वेगळी असे. तेव्हा घोडे, तलवारी आणि गढ्या यांच्या वर्णनाने लेखाची सुरुवात करण्याचा मोह टाळावा.

कुलीनतेचा त्यांना प्रत्यक्ष उपयोग कुठे झाला हे पाहिले तर उत्तर रोममध्ये सापडते. 1863-64 चा पोलिश उठाव रशियाने चिरडला तेव्हा झालेस्की अकरा-बारा वर्षांचे होते. त्यानंतर मठ बंद करण्यात आले, बिशपांना हद्दपार करण्यात आले. वॉर्सॉचे आर्चबिशप फेलिन्स्की तर वीस वर्षे रशियाच्या अंतर्भागात अडकून पडले. कॅथलिक धर्मगुरू होऊन काही मोठे काम करू पाहणाऱ्या तरुणाला त्या प्रदेशात फारशी वाव उरली नव्हती. झालेस्की वॉर्सॉच्या सेमिनरीतून रोमला गेले, ग्रेगोरियन विद्यापीठात शिकले आणि पुढे कुलीन धर्मगुरूंसाठीच्या पोपच्या अकादमीत दाखल झाले. ही संस्था 1701 सालापासून चालत आलेली होती आणि पोपच्या दरबारातील राजनयिक अधिकारी प्रामुख्याने येथेच तयार होत. तेरावे लिओ, म्हणजे ज्यांच्या कारकिर्दीत झालेस्की वर चढले ते पोप, तरुणपणी याच अकादमीचे विद्यार्थी होते. तेव्हा कुलीन घराण्याने त्यांना काय दिले, तर या दरवाजातून आत जाण्याची पात्रता. पुढचा प्रवास दरबारातील कामगिरीवर झाला.

भारताशी त्यांचा संबंध 1886 मध्ये आला, आणि हे वर्ष आपल्या लेखाचा कणा व्हायला हवे. त्याआधी सुमारे अडीच शतके भारतातील कॅथलिकांवर कोणाचा अधिकार चालावा यावरून दोन सत्तांचा झगडा सुरू होता. एका बाजूला पाद्रोआदो, म्हणजे पोर्तुगालच्या राजाला बिशप सुचवण्याचा आणि चर्चचा प्रतिपाळ करण्याचा मिळालेला जुना अधिकार, ज्याचे केंद्र गोवा होते. दुसऱ्या बाजूला 1622 साली रोममध्ये स्थापन झालेली प्रोपगांडा फिदे ही संस्था, जी थेट पोपच्या नावाने मिशनरी पाठवीत असे. मुंबई बेटावर आणि साष्टीत तर या भांडणाने कळस गाठला होता. एकाच वस्तीत दोन चर्च, दोन धर्मगुरू आणि दोन बिशपांची हुकमत, आणि कुटुंबे कोणत्या बाजूला यावरून भाऊबंदकी. 23 जून 1886 रोजी पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, 1 सप्टेंबर 1886 रोजी भारतात नियमित धर्मप्रांतांची रचना जाहीर झाली, आणि पुणे धर्मप्रांतही याच घोषणेतून अस्तित्वात आला. ही नवी व्यवस्था प्रत्यक्षात बसवण्यासाठी पोपने आर्चबिशप आलियार्दी यांना प्रतिनिधी म्हणून पाठवले आणि त्यांच्या सोबत आलेल्या मंडळींत तरुण झालेस्की होते. आलियार्दी यांच्यानंतरचे प्रतिनिधी आयुती यांच्या हाताखालीही त्यांनी काम केले, आणि 1892 मध्ये थीब्जचे नामधारी आर्चबिशप ही पदवी देऊन त्यांनाच ईस्ट इंडीजचे पोपप्रतिनिधी नेमण्यात आले. 1916 पर्यंत, म्हणजे तीन पोपांच्या कारकिर्दींत, ते या पदावर होते.

आता त्या ‘प्रमुख’ शब्दाकडे येऊ, कारण गोंधळाचे मूळ तेथे आहे. पोपप्रतिनिधी हा भारतातील कॅथलिकांचा प्रमुख नसतो. त्याला स्वतःचा धर्मप्रांत नसतो, धर्मगुरूंच्या बदल्या करण्याचा अधिकार नसतो, आणि मानाच्या क्रमात गोव्याच्या आर्चबिशपांना त्याच 1886 च्या व्यवस्थेने ‘ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क’ ही आर्चबिशपाहूनही वरच्या मानाची पदवी दिलेली होती. गोवा, दमण, कोची आणि मैलापूर येथील बिशप पोर्तुगालच्या राजाच्या शिफारशीने येत. मुंबई, मंगळूर, कोल्लम आणि तिरुचिरापल्ली येथे तीन नावांच्या यादीतून निवड सुचवण्याचा अधिकारही त्याच राजाकडे राहिला होता. इंग्रजांच्या मुंबईत आर्चबिशप कोण व्हावा याबाबत लिस्बनचे मत विचारले जाई, ही गोष्ट आज वाचकाला खरी वाटत नाही, म्हणून ती लेखात आवर्जून घालावी. शिवाय झालेस्की हे सरकारदरबारी राजदूतही नव्हते, कारण त्यांच्या पदाला राजनयिक दर्जाच नव्हता. भारत आणि व्हॅटिकन यांच्यात तसे संबंध स्वातंत्र्यानंतर, 1948 मध्ये आले.

मग प्रतिनिधीच्या हाती उरते काय? बिशपांच्या सभा बोलावणे, वादांची चौकशी करणे, नव्या धर्मप्रांतांच्या सीमा आणि नव्या बिशपांची नावे यांविषयी रोमला अहवाल पाठवणे, आणि रोमच्या पैशांतून व अधिकारातून एखादी संस्था उभी करणे. अहवाल आणि संस्था, बस्स एवढेच. त्यामुळे अशा माणसाचे मोजमाप त्याच्या भाषणांवरून न करता, त्याने कोणाची नावे पुढे सरकवली, कोणाची अडवली आणि कोणती संस्था मागे ठेवली यावरून करावे लागते. दफ्तर वाचताना मी नेहमी हीच शिस्त पाळतो. प्रतिनिधीचे म्हणून जे पत्र समोर येते त्यात मजकुराचे अक्षर बहुधा सचिवाचे असते, ओळींमधल्या दुरुस्त्या त्याच्या स्वतःच्या असतात, आणि रोममध्ये पोचल्यावर समासात पडलेला शेरा तिसऱ्याचाच असतो. सही एकाची आहे म्हणून सगळी मते त्याच्या पदरी घालणे धोक्याचे असते.

या कसोटीवर झालेस्कींच्या नावावर तीन गोष्टी ठळक उभ्या राहतात, आणि त्यांतल्या दोन एका दिशेला तर तिसरी विरुद्ध दिशेला जाताना दिसते. आपला ‘कैवारी की साहेब’ हा प्रश्न खरे तर या तिसऱ्या गोष्टीमुळे कठीण होतो.

पहिली गोष्ट सेमिनरी. 1893 मध्ये सिलोनमधील कँडी येथे, गावाबाहेरच्या अंपिटिया टेकडीवर, भारतीय आणि सिलोनी तरुणांना धर्मगुरू म्हणून घडवण्यासाठी पेपल सेमिनरी सुरू झाली (पुण्याला ती आली ती पुष्कळ नंतर) आणि तिचे अध्यापन बेल्जियमच्या येशूसंघीयांकडे, म्हणजे जेझुइटांकडे, सोपवण्यात आले. त्याच वर्षी 24 जून रोजी तेराव्या लिओंनी भारतातील सेमिनरींसाठी युरोपातील कॅथलिकांकडे मदत मागणारे पत्र काढले. त्या पत्रातला युक्तिवाद धार्मिकपेक्षा व्यवहारी अधिक आहे. परदेशी मिशनरी संख्येने अपुरे आहेत, त्यांना इथल्या भाषा नीट येत नाहीत, आणि काळ फिरून उद्या परक्यांना देशाबाहेर काढण्यात आले तर मागे राहिलेल्या समाजाचे काय होणार? सेमिनरीच्या बोधवाक्याचा आशयही असाच आहे: हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील.

येथे एक सावधगिरी बाळगा. ‘भारतीयांना धर्मगुरू करण्याची कल्पना झालेस्कींची’ असे लिहू नका, गोव्याचा कोणताही वाचक ते लगेच खोडून काढील. राशोलच्या सेमिनरीत सतराव्या शतकापासून गोमंतकीय धर्मगुरू तयार होत होते. दिवाडीचे मातेउश द कास्त्रो 1637 मध्येच बिशप झाले होते. आणि ज्या कँडीत ही सेमिनरी निघाली त्याच कँडीत संत जोसेफ वाझ या गोमंतकीय धर्मगुरूने डच छळाच्या काळात लपूनछपून आलेल्या कॅथलिकांची सेवा करत 1711 मध्ये देह ठेवला होता. प्रोपगांडा फिदेनेही 1845 च्या आपल्या सूचनेत स्थानिक धर्मगुरू तयार करण्याचा आणि त्यांना बिशपपदापर्यंत नेण्याचा आग्रह धरला होता. नवे होते ते इतकेच की, पाद्रोआदोच्या कक्षेबाहेर, एकाच धर्मप्रांताची किंवा एकाच भाषेची मालकी नसलेली, संपूर्ण उपखंडासाठीची उच्च दर्जाची सेमिनरी प्रथमच उभी राहिली. बिशपांनी आपले हुशार विद्यार्थी तिकडे पाठवायचे आणि रोमच्या तोडीचे शिक्षण देऊन परत घ्यायचे. हे काम प्रतिनिधीच करू शकत होता, कारण एखाद्या बिशपाने ते काढले असते तर शेजारच्या बिशपाने विद्यार्थी दिले नसते.

झालेस्कींच्या हयातीतच त्या युक्तिवादाची परीक्षा झाली, आणि तीही मुंबई-पुण्यात. पहिल्या महायुद्धात मुंबई-पुणे मिशनमधील जर्मन येशूसंघीय ब्रिटिशांच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि मागाहून मायदेशी धाडण्यात आले. शाळा, कॉलेजे आणि चर्च चालवणारी माणसे पाहता पाहता नाहीशी झाली. पुण्याचे जर्मन बिशप हाइनरिख ड्योरिंग यांना आपल्या धर्मप्रांतात परतता येईना. 1921 मध्ये त्यांची नेमणूक जपानमध्ये हिरोशिमाला झाली आणि 1927 मध्ये कुठे ते पुन्हा पुण्याला आले. मुंबईचे आर्चबिशप युर्गेन्स 1916 मध्ये वारले आणि त्यांच्या जागी नवा आर्चबिशप 1919 मध्ये नेमला गेला. परक्यांवर उभे असलेले चर्च एका जाहीरनाम्याने कसे कोलमडते, हे 1893 च्या पत्रातले भाकीत पुण्याने प्रत्यक्ष पाहिले. आपला लेख मराठी वाचकासाठी आहे, तेव्हा हा प्रसंग त्यात हवाच. कँडीतील इमारतीच्या वर्णनापेक्षा सेमिनरीची गरज यातून जास्त स्पष्ट होते.

दुसरी गोष्ट 25 ऑक्टोबर 1896 ची. केरळातील सेंट थॉमस ख्रिस्ती समाज, म्हणजे सिरियाक उपासनापरंपरा पाळणारे तिथले जुने ख्रिस्ती, स्वतःच्या माणसांतून बिशप मिळावेत म्हणून कित्येक पिढ्या झगडत होता. 1887 मध्ये रोमने त्यांना लॅटिन परंपरेच्या, म्हणजे रोमची उपासनापद्धती पाळणाऱ्या, कॅथलिकांपासून वेगळे केले खरे, पण बिशप दिले ते परकेच, त्रिचूरला मेडलीकॉट आणि कोट्टायमला लाविन्य. 1896 च्या जुलैत त्रिचूर, एर्नाकुलम आणि चंगनाशेरी असे तीन विभाग करण्यात आले आणि ऑक्टोबरात कँडी येथे झालेस्कींनी स्वतःच्या हातांनी मार जॉन मेनाचेरी, मार अलॉयसियस पळेपरंबिल आणि मार मॅथ्यू माक्कील यांना बिशपपदाची दीक्षा दिली (‘मार’ ही त्या परंपरेतील बिशपांची उपाधी). लॅटिन परंपरेच्या भारतीयांना आधुनिक काळात तसा मान मिळायला, तुतिकोरिनचे बिशप तिबुर्तियस रोश यांच्या रूपाने, 1923 साल उजाडावे लागले. 1896 च्या निर्णयाचे श्रेय एकट्या झालेस्कींना देता येणार नाही, कारण त्यामागे त्या समाजाची कित्येक वर्षांची अर्जविनंती होती आणि अंतिम शब्द रोमचा होता. पण प्रतिनिधीचा अहवाल प्रतिकूल असता तर ते तेव्हा घडले नसते, असे या व्यवस्थेची रीत पाहता मला वाटते.

येथवर वाचून आपण ‘कैवारी’ या निष्कर्षाला येऊ पाहाल. पण तिसरी गोष्ट थांबवते, आणि ती म्हणजे ब्रह्मबांधव उपाध्याय यांचे प्रकरण. भवानीचरण बंद्योपाध्याय हे बंगाली ब्राह्मण 1891 मध्ये कॅथलिक झाले, 1894 पासून ब्रह्मबांधव हे नाव घेऊन भगव्या वस्त्रांत वावरू लागले, आणि वेदान्ताच्या भाषेत ख्रिस्ती धर्मतत्त्वे मांडता येतील अशी त्यांची खात्री होती. त्यांनी ‘सोफिया’ हे नियतकालिक चालवले, सच्चिदानंदावर संस्कृत स्तोत्र रचले आणि जबलपूरजवळ नर्मदाकाठी कॅथलिक संन्याशांचा मठ काढण्याचा घाट घातला. तो भाग नागपूर धर्मप्रांतात येत असे आणि तेथील बिशप पेलव्हा यांची त्याला सहानुभूती होती. झालेस्कींनी या मठाला विरोध केला आणि ती योजना बारगळली. पुढे 1900 मध्ये, धर्मतत्त्वांची चर्चा चर्चच्या देखरेखीबाहेर चालते या कारणावरून, कॅथलिकांनी ‘सोफिया’ वाचू नये अशी मनाई झाली, आणि त्यानंतर निघालेल्या मासिकावरही तीच पाळी आली. ब्रह्मबांधव हळूहळू राजकारणाकडे वळले आणि 1907 मध्ये राजद्रोहाच्या खटल्याला सामोरे जात असतानाच त्यांचा मृत्यू झाला.

(जाता जाता: ब्रह्मबांधवांच्याच वयाचे, 1861 साली जन्मलेले आपले नारायण वामन टिळक अहमदनगरात हाच प्रयत्न भजन-कीर्तनाच्या अंगाने करत होते. ते प्रोटेस्टंट असल्यामुळे त्यांच्यावर पोपप्रतिनिधीची देखरेख नव्हती. त्यांचे खटके त्यांच्या मिशनशी उडाले, पण त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. या दोघांची तुलना आपल्या अंकाच्या वाचकांना नक्की भावेल, मात्र ती चौकटीत द्या, मूळ लेखात नको.)

आता या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. भारतीय माणसाला बिशप करणारा हात आणि भारतीय विचाराला मनाई करणारा हात एकच आहे. यात विसंगती वाटते ती आजच्या काळातून पाहिल्यामुळे. झालेस्कींच्या मनातला भारतीय धर्मगुरू हा रक्ताने आणि भाषेने भारतीय, परंतु शिक्षणाने, शिस्तीने आणि उपासनेने पक्का रोमन असा होता. कँडीतील सेमिनरी तशीच होती: लॅटिन भाषेतून तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या, बेल्जियन प्राध्यापक, लॅटिन उपासनाविधी. सेंट थॉमस ख्रिस्ती समाजातून आलेल्या, सिरियाक परंपरेच्या विद्यार्थ्यांनाही याच साच्यातून जावे लागे. वेदान्ताची परिभाषा किंवा भगवी वस्त्रे यांना त्या योजनेत स्थान नव्हते. तेव्हा त्यांनी एकदा उदारपणा दाखवला आणि एकदा कोतेपणा, असे म्हणण्यापेक्षा दोन्ही निर्णय एकाच विचारातून निघाले असे म्हणणे अधिक योग्य होईल. चर्चची एकजूट रोमशी असलेल्या निष्ठेवर टिकते, आणि ती निष्ठा स्थानिक माणसांच्या हाती सोपवली तरच ती परकी राजवट गेल्यानंतरही टिकेल, हा तो विचार.

हा विचार त्यांच्यात कोठून आला असावा याबद्दल मी अनुमान करीन, आणि ते अनुमान म्हणूनच घ्यावे. ज्या प्रदेशात ते वाढले तेथे सम्राट परका, अधिकारी परधर्मीय आणि बिशप हद्दपार अशी स्थिती होती. त्या समाजाने चर्च टिकवले ते दोन गोष्टींवर: गावोगावचे स्थानिक धर्मगुरू आणि रोमशी न तोडलेला धागा. पोलिश धर्मगुरूंच्या त्या पिढीत ही धारणा आपल्याला वारंवार दिसते. 1892 मध्ये झालेस्कींची नेमणूक झाली तेव्हा रोममध्ये प्रोपगांडा फिदेचे प्रमुख झाले होते कार्डिनल मिएचिस्वाव लेदुखोव्स्की, तेही पोलिश कुलीन. बिस्मार्कच्या चर्चविरोधी कायद्यांना नकार दिल्याबद्दल 1874 ते 1876 या काळात ते प्रशियाच्या तुरुंगात होते, आणि तुरुंगात असतानाच 1875 मध्ये पोपने त्यांना कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालच्या मानाचे धर्माधिकारी, केले. भारताचा कारभार रोममध्ये पाहणारा आणि भारतात राहून त्याला अहवाल पाठवणारा, असे दोघेही राज्य गमावलेल्या एका समाजाचे असावेत हा योग मोठा बोलका आहे. पण ‘लेदुखोव्स्कींनी आपला माणूस बसवला’ असे सरळ समीकरण मांडू नका. झालेस्की त्याआधीपासून भारताच्या कामात मुरलेले होते, आणि पदोन्नतीला तेवढे कारण पुरेसे होते.

‘युरोपीय साहेब’ या आरोपाविषयी माझे मत यातूनच आपल्या लक्षात आले असेल. ब्रिटिश राजवटीने दिलेल्या सुरक्षिततेचा त्यांनी पुरता लाभ घेतला, कँडीच्या थंड हवेत मुक्काम केला, भारत आणि सिलोनमधील वनस्पतींची हौसेने चित्रे काढली. त्या काळच्या कोणत्याही युरोपीय उच्चपदस्थाची राहणी अशीच होती आणि ती लपवण्याची गरज नाही. पण ते ब्रिटिश साम्राज्याचे हस्तक नव्हते. त्यांची निष्ठा दुसऱ्या एका केंद्राशी होती, आणि त्या केंद्राचे हित ब्रिटिश राजवट कायम राहण्यात गुंतलेले नव्हते. ब्रह्मबांधवांवर त्यांनी केलेला अन्याय (मी त्याला अन्यायच म्हणेन) हा साम्राज्याच्या बाजूने झालेला नसून रोमन शिस्तीच्या बाजूने झालेला होता. टीका करायची तर ती तेथे करावी, म्हणजे नेमकी बसेल.

लेखनाच्या तयारीबाबत दोन-तीन सूचना. त्यांचे नाव निरनिराळ्या ठिकाणी व्वादिस्वाव, लॅडिस्लाउस, लादिस्लास किंवा व्लादिस्लोव्हास असे येते. ही चार माणसे नाहीत. रशियन साम्राज्यात जुने ज्युलियन पंचांग चालत असल्यामुळे एकोणिसाव्या शतकातील तारखांत बारा दिवसांचा फरक पडतो, तेव्हा तिकडच्या नोंदींतून एखादी तारीख उचलताना ती कोणत्या पंचांगाची आहे हे तपासावे. आणि 1916 मध्ये त्यांना मिळालेल्या ‘अँटिऑकचे लॅटिन पॅट्रिआर्क’ या पदवीला भुलू नये. ते शहर क्रूसेडरांच्या हातून 1268 मध्येच गेले होते आणि तेव्हापासून ही पदवी रोममध्ये राहून भूषवण्याची होती. निवृत्त होणाऱ्या ज्येष्ठ सेवकाला दिलेला तो मान होता. त्या मानासह ते रोमला परतले आणि 5 ऑक्टोबर 1925 रोजी तेथेच वारले. कार्डिनलपद त्यांना मिळाले नाही, याचे कारण शोधण्यात आपण वेळ घालवू नये, अशा गोष्टी दफ्तरांतून क्वचितच उलगडतात.

किती भाग कोणत्या गोष्टीला द्यावा हे आपल्या अंकाच्या वाचकांवर अवलंबून आहे. वसई-मुंबईचे कॅथलिक वाचक प्रामुख्याने असतील तर पाद्रोआदोचा वाद त्यांना ओळखीचा असेल, तो थोडक्यात आटोपा आणि ब्रह्मबांधवांना जागा द्या. सर्वसाधारण मराठी वाचक असेल तर 1886 चा करार सावकाश समजावून सांगावा लागेल. दोन्ही बाबतींत मी त्यांच्या जन्मापासून सुरुवात करणार नाही. 1896 च्या त्या ऑक्टोबरातील दीक्षाविधीपासून करीन, कारण देश गमावलेल्या समाजाचा एक माणूस, परक्यांच्या राज्यात, तिघा मल्याळी धर्मगुरूंच्या मस्तकी हात ठेवतो आहे या प्रसंगातून त्याचे पद, त्याचे मूळ आणि त्याचे काम अशी तिन्ही सूत्रे एकदम हाती लागतात.

आणि शेवट 1925 मध्ये करू नका, कारण गोष्ट तेथे संपत नाही. कँडीत शिकलेले मार ऑगस्टिन कंडत्तिल 1923 मध्ये एर्नाकुलमचे पहिले आर्चबिशप झाले. कराचीत गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी जन्मलेले व्हॅलेरियन ग्रेशियस यांनी ईश्वरविद्येचे शिक्षण कँडीतच घेतले. पोर्तुगालने आपला जुना अधिकार सोडला त्याच 1950 साली ते मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि 1953 मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. सिलोन स्वतंत्र झाल्यावर भारतीय विद्यार्थ्यांना तेथे राहण्याचे परवाने मिळणे कठीण होऊ लागले, म्हणून 1955 मध्ये सेमिनरी पुण्याला आली, आणि अंपिटियाच्या जागेत श्रीलंकेची स्वतःची राष्ट्रीय सेमिनरी सुरू झाली. नगर रस्त्यावरच्या आवारात, ज्ञानदीप विद्यापीठाच्या वर्गांत, पुढच्या पिढ्यांनी भारतीय तत्त्वज्ञान हा विषय अभ्यासक्रमात आणला. जे झालेस्कींनी ब्रह्मबांधवांना करू दिले नाही ते झालेस्कींच्याच संस्थेत शिकवले जाऊ लागले. हा बदल 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कसा घडला हे समजून घ्यायचे असेल तर आवारातील ज्येष्ठ प्राध्यापकांपैकी कोणाची तरी वेळ मागून घ्या, आणि जाताना सेमिनरीच्या जुन्या स्मरणिका पाहता येतील का हेही विचारा.